दिवे बंद, झडप बंद

मास्तरांनी दारातली वीट पायाने आत सारली आणि दार ओढून घेतलं, तेव्हा धाकटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उकिडवी बसून सगळ्यांत खालच्या फळीवरच्या पिशवीत थर्मामीटर खुपसत होती. आवाज ऐकून तिने मान वर केली.

"बाबा, दार!"

"लावलं," मास्तर म्हणाले. "सताड उघडं टाकलं होतंस. सगळी ऊब बाहेर चालली होती."

धाकटी धावतच आली. दार शीतगृहाला असतं तसलं, वीतभर जाडीचं, कडेने रबराची पट्टी असलेलं. बाहेरून लांब दांडा, आतून ढकलायचा एक काळा गोळा. गोळा आत दाबला की दांडा सुटायचा. पंधरा दिवसांपासून तो नुसताच गरगर फिरत होता, म्हणून तर ती वीट. आज करू, उद्या करू म्हणत ते काम राहून गेलं होतं. तिने गोळा दाबला, फिरवला, मग दोन्ही हातांनी जोर लावून दाबला. तो उपटून तिच्या हातात आला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"अडकलो आपण," ती म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

धाकटी म्हणजे मास्तरांची धाकटी सून. थोरला आणि थोरली परदेशात, महिन्यातून एकदा मोबाईलच्या पडद्यावर दिसायचे. धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. तेव्हापासून घरात दोघंच. मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे, दम्याचे. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा त्यांना मास्तरच म्हणायचा. सून मात्र बाबा म्हणायची.

ही जागा धाकट्याने उभी केली होती. एका छपराखाली दोन भाग. एकीकडे मशरूमच्या पिशव्यांची खोली, आणि मधल्या भिंतीपलीकडे तिच्या चौपट मोठं पानांचं दालन. तिथे फळ्यांवर फळ्या, प्रत्येक फळीला दिवे आणि दिव्यांखाली लेट्यूस. माती नाही, ऊन नाही, मुळं पाण्यात. मशरूम श्वासावाटे कर्बवायू सोडतात आणि पानांना तोच लागतो, म्हणून धाकट्याने मधल्या भिंतीत वरच्या बाजूला पंखा बसवला होता. तो इकडची हवा तिकडे फेकायचा. खाली जमिनीलगत जाळी होती, तिच्यातून तिकडची हवा परत इकडे यायची. पानांचे दिवे आणि पंखा एकाच तारेवर. दिवे लागले की पंखा सुरू, दिवे गेले की पंखा बंद, आणि वरच्या-खालच्या दोन्ही भोकांवरच्या लोखंडी झडपा स्प्रिंगच्या जोराने खाडकन मिटायच्या. अंधारात पानांना तो वायू नको असतो. पंख्याखाली भिंतीवर धाकट्याने स्वतःच्या गिचमिड अक्षरात रंगवून ठेवलं होतं: दिवे बंद, झडप बंद. तीन वर्षांत धाकटीने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

दिवे संध्याकाळी सहाला लागायचे आणि सकाळी दहाला विझायचे. दिवसा विजेवर ताण असतो, म्हणून पानांची रात्र दिवसा. नवखा माणूस भर दुपारी त्या दालनात डोकावला की हसायचा.

आज सुट्टी होती. कामाच्या दोघी बायका येणार नव्हत्या. मशरूमच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा दुसरा पंखा होता, पण मोटर जळली म्हणून तो काल काढून दुरुस्तीला दिला होता आणि त्याच्या भोकावर बाहेरून जाड पत्रा पक्का बसवला होता. मोबाईल, चपला, हातातलं घड्याळ असलं काही आत आणायचं नाही, म्हणून धाकटीचा मोबाईल बाहेर कपडे बदलायच्या खोलीत होता. मास्तरांचा घरी. मोबाईल घरातच ठेवायचा असतो, टेलिफोनसारखा, असं त्यांचं मत होतं.

"कोणी येईल की," मास्तर म्हणाले.

"गाडीवाला येतो सातला. पानांची खोकी न्यायला."

"मग सातला सुटू. आठ तास. मी पर्यवेक्षण करताना याहून जास्त वेळ उभा राहिलोय." ते एका पालथ्या क्रेटवर बसले आणि त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

धाकटी हसली नाही. ती मीटरकडे बघत होती. दाराशेजारच्या त्या डबीवर खोलीतल्या कर्बवायूचा आकडा, हवेच्या दहा लाख भागांत किती तो, लाल अक्षरांत दिसायचा. बाहेर रस्त्यावरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. आत्ता इथे नऊ हजार होता. त्यात नवल काही नव्हतं. पिशव्यांत वाळलेली काड भरून बियाणं मिसळलं त्याला अकरा दिवस झाले होते, बुरशीचं पांढरं जाळं काडभर पसरत होतं, आणि या दिवसांत खोली कोंदटच ठेवायची असते. फक्त एरवी आकडा चढला की बाहेरचा पंखा सुरू व्हायचा. आज तो पंखा कुठल्या तरी दुकानाच्या बाकावर उघडा पडला होता.

तिने दारावर बुक्क्या मारल्या, क्रेटने ठोकलं, हाका मारल्या. भिंती पत्र्याच्या, मध्ये फोम भरलेला; आवाज बाहेर जाणं शक्यच नव्हतं. मग तिने पिशव्यांची तोंडं कापायचा छोटा चाकू काढला आणि दाराच्या फटीत घातला. रबर निघालं, दांडा हलला नाही. मग दाराशेजारच्या पत्र्यात चाकू मारून कापायला घेतलं. बोटभर लांब चीर पडली आणि चाकूचं टोक मोडलं.

बारा वाजले. आकडा चौदा हजार चारशे.

"ये, बस जरा," मास्तर म्हणाले. "धावपळ केलीस की जास्त श्वास लागतो. पेशीला जास्त साखर जाळावी लागते, जास्त प्राणवायू लागतो आणि..."

"आणि जास्त कर्बवायू बाहेर पडतो. माहीत आहे, बाबा."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. चारी बाजूंनी पिशव्याच पिशव्या, पाच-पाच फळ्यांचे रांगेने उभे सांगाडे. प्रत्येक पिशवीवर हात ठेवला तर कोमट लागायची. एवढ्या सगळ्या जिवंत गोष्टींच्या मधोमध आपण बसलोय हे तिला यापूर्वी कधी जाणवलं नव्हतं. त्या आवाज करत नव्हत्या, हलत नव्हत्या, पण तिच्याच वाट्याची हवा खात होत्या.

मास्तरांचं लक्षही पिशव्यांकडेच होतं. "मी मुलांना सांगायचो," ते म्हणाले, "पान स्वयंपाकही करतं आणि जेवतंही. उजेड ही त्याची चूल. पाणी आणि कर्बवायू घेऊन साखर शिजवायची, उरलेला प्राणवायू बाहेर टाकायचा. आणि जगायचं म्हटलं की तीच साखर प्राणवायू घेऊन हळूहळू जाळायची. म्हणजे पुन्हा पाणी आणि कर्बवायू. अळिंबीला चूल नाही. ती नुसती जेवते." मशरूम हा शब्द ते कधीच वापरायचे नाहीत.

"आपल्यासारखी."

"अगदी आपल्यासारखी. ही काड म्हणजे गेल्या वर्षीच्या पानांनी रांधून ठेवलेलं. आपण दोघं आणि या हजार पिशव्या, सगळे एकाच पंगतीला. आणि वाढणारे भिंतीपलीकडे झोपलेत." बोलता बोलता त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले.

"तुमचा पंप?" धाकटीने विचारलं.

त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. पंप निघाला, त्याबरोबर घडी केलेलं एक पाकीटही निघालं आणि जमिनीवर पडलं. धाकटीने ते उचललं. पाकिटावर तिचं नाव होतं, कोपऱ्यात बियाण्यांच्या कंपनीचं चिन्ह. वरची कड नीट कात्रीने कापलेली होती.

मास्तरांनी पंप ओढला. एक, दोन.

"चुकून उघडलं," ते म्हणाले.

"कात्रीने?"

"वीजबिल वाटलं." मग स्वतःलाच ते पटलं नसावं. "बरं, वाटलं नाही. उघडलं. तेच विचारायला आलो होतो आज. घरी विचारलं असतं तर तू भांडी घासायला उठून गेली असतीस."

हे खरं होतं. धाकटीने पत्र बाहेर काढलं नाही. त्यात काय आहे ते तिला फोनवरून कळलं होतं. दुसऱ्या गावी, सहा तासांवर, रोपांच्या बंद खोल्यांची देखरेख. सोबत आणखी सातजण. राहायला खोली. दोन महिन्यांपूर्वी तिने अर्ज केला तेव्हा मास्तरांना सांगायचं ठरवलं होतं. मुलाखतीच्या दिवशी पुन्हा ठरवलं. परवा होकार आला तेव्हाही.

"तुला काय कमी आहे इथे?" मास्तरांनी विचारलं.

"काही कमी नाही."

"मग?"

सकाळी उठून इथे यायचं, या कोंदट खोलीत पिशव्यांचं तापमान बघायचं, तिकडे दिवे बघायचे, संध्याकाळी घरी जाऊन बाबांचं जेवण आणि त्यांचं तेच ते बोलणं. सगळे म्हणायचे, किती केलंस गं, नवऱ्याचं स्वप्न सांभाळलंस. आपण छत्तीस वर्षांच्या आहोत आणि कुणाच्या तरी स्वप्नाचे चौकीदार आहोत, हे कुणाला कसं सांगायचं?

"हे सगळं त्याचं आहे, बाबा," ती शेवटी म्हणाली. "दिवेसुद्धा त्याने लावले तसे लागतात. मी यात कुठेच नाही."

मास्तरांनी मान फिरवली. घड्याळात दीड वाजला होता. आकडा बावीस हजार आठशे.

धाकटीचं डोकं दुखायला लागलं, आधी कपाळापाशी, मग डोळ्यांच्या मागे. काही न करताही जिना चढून आल्यासारखा श्वास लागत होता. मास्तरांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शीळ ऐकू येत होती. त्यांचे ओठ निळसर पडले होते. तिने मनात हिशेब केला. तासाला पाच-साडेपाच हजार. सातपर्यंत पन्नास हजारांच्या पुढे. आपण कदाचित निभावू, बाबा नाही निभावणार. आणि गाडीवाला आला तरी तो पानांच्या दालनातून खोकी उचलून पाच मिनिटांत जातो. या दाराकडे त्याने कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

तिची नजर पंख्यावर गेली. तिने तिकडे बोट केलं.

"बाबा, पलीकडची हवा घेता येईल."

"काय उपयोग?" मास्तर डोळे मिटूनच बोलले. शब्दाशब्दाला थांबत. "तिकडे अंधार. अंधारात पानंही... आपल्यासारखीच. प्राणवायू घेतात. मुलं हमखास चुकायची. झाडं दिवसा श्वास घेत नाहीत, रात्री घेतात, असं लिहायची. श्वास चोवीस तास. स्वयंपाक फक्त उजेडात. तिकडून काही मिळायचं नाही."

आणि धाकटीचा हात खाली आला. बाबा चूक नव्हते. त्या भिंतीवरही तेच लिहिलं होतं. दिवे बंद, झडप बंद. ती पुन्हा बसली. जवळजवळ अर्धा तास नुसती बसून राहिली, आणि पुढे कितीतरी दिवस या अर्ध्या तासाचा तिला सगळ्यांत जास्त राग येत राहिला.

मास्तरांनी तिचा हात धरला. त्यांचा हात घामाने ओला होता.

"धाकटे, एक सांगतो. बाहेर पडलो ना, तर तू जायचं नाहीस. असं बोल. एकदा बोल, म्हणजे मला बरं वाटेल."

"बाबा, आत्ता नको."

"आत्ताच. मी एकटा त्या घरात काय करू? भिंतींचा तास घेऊ? थोरल्याचं तोंड मला महिन्यातून एकदा दिसतं, तेही थिजलेलं. तू बोल."

हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द. समोर म्हातारा माणूस धापा टाकतोय, डोळ्यांत पाणी आहे, कुणीही हो म्हटलं असतं. धाकटीच्या तोंडापर्यंत तो शब्द आला. आणि तिला स्पष्ट दिसलं की तो उच्चारला की या खोलीचं दार उघडलं काय नि न उघडलं काय, सारखंच.

"नाही," ती म्हणाली. "असल्या हवेत मी शब्द देणार नाही. बाहेर पडू, मग भांडू."

मास्तरांनी हात सोडवून घेतला.

त्या रागातच ती उठली. आणि उठल्यावर तिला बाबांच्या बोलण्यातली खोट सापडली. तत्त्वात नव्हती, मापात होती. पानं अंधारात श्वास घेतात, पण किती? चिमूटभर. सकाळी दहापर्यंत दिवे होते. सोळा तास त्या पानांनी मिळेल तो कर्बवायू खाल्ला होता. रोज सकाळी तिकडच्या मीटरवर ती आकडा बघायची; कधी हजार, कधी त्याहून कमी. दहापासून आत्तापर्यंत पानांनी सोडून सोडून किती सोडला असेल? या खोलीच्या चौपट हवा, जवळजवळ स्वच्छ, एका भिंतीपलीकडे पडून होती.

तिने दोन क्रेट एकमेकांवर ठेवले, वर चढली. पंख्याच्या जाळीला चार स्क्रू होते, गंजलेले. मोडक्या चाकूचं बोथट टोक खाचेत बसलं. पहिला स्क्रू निघायला दहा मिनिटं लागली. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, ती फळीला धरून उभी राहिली, मग पुन्हा लागली. तिसऱ्या स्क्रूची खाच झिजून गेली. तिने जाळी दोन्ही हातांनी धरून वाकवली आणि खाली फेकली. पात्यांच्या मधून हात घालून झडप चाचपली. लोखंडी पट्ट्या, मागे स्प्रिंग. ढकलली की उघडायची, सोडली की मिटायची. तिने मास्तरांकडे बघितलं.

"बाबा, तो काळा गोळा द्या. दाराचा. आणि तुमची चप्पल."

"चप्पल मी बाहेर काढलीये. तुझाच नियम."

"मग काहीही द्या. अडकवायला."

मास्तर उठले, एका हाताने फळी धरत आले. गोळा दिला आणि चष्म्याचं पत्र्याचं घर खिशातून काढून दिलं. तिने एका पट्टीत गोळा, दुसरीत चष्म्याचं घर ठोकून बसवलं. झडप चार बोटं उघडी राहिली. पलीकडे काळाकुट्ट अंधार होता आणि ओल्या पानांचा गार वास.

खालच्या जाळीचं काम सोपं होतं; तिथली पट्टी तिने लाथ मारून वाकवली आणि फटीत वीट सरकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिने जाळीपाशी गाल नेला. आत येणारी हवा गार होती. अगदी बारीक झुळूक, पण हलत होती. पिशव्यांच्या ऊबेने तापलेली इकडची हवा वरच्या भोकातून पलीकडे निघाली होती आणि तिकडची गार हवा खालून आत येत होती.

"बाबा, इथे या. इथे झोपा. तोंड इथे ठेवा."

"जमिनीवर?"

"जमिनीवर. मास्तरकी नंतर."

ते जाळीशी तोंड लावून कुशीवर पडले. ती त्यांच्या पाठीमागे बसली. तीन वाजले होते. आकडा एकतीस हजार. सव्वातीनलाही एकतीस हजार. साडेतीनला तीस हजार चारशे.

सुटलो असं मात्र तिला अजिबात वाटलं नाही. भोकं वीत-दीड वीत, त्यातून पंख्याची पाती आडवी. माणूस काय, मूलही जाऊ शकलं नसतं. दार तसंच होतं. ती पलीकडच्या अंधाराच्या दिशेने हाका मारून आली, घसा बसला. डोकं ठणकतच होतं. आकडा उतरत होता तो शंभरा-शंभराने, आणि दर वेळी मीटरकडे बघताना तिला वाटायचं, आता पुन्हा चढेल. पलीकडची चांगली हवाही शेवटी बंदच होती. हजार पिशव्यांना थांबणं माहीत नव्हतं. आज ना उद्या दोन्हीकडे सारखंच झालं असतं.

पाचच्या सुमाराला मास्तर पडल्या पडल्या म्हणाले, "किती म्हणालीस तू? पानांचा श्वास?"

"चिमूटभर."

"पुस्तकात किती ते दिलेलं नव्हतं," ते म्हणाले. "मीही कधी विचारलं नाही." श्वासातली शीळ अजून होती, पण शब्द सलग येत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तू हो म्हणायला हवं होतंस. मी काही तुला खरंच धरून ठेवलं नसतं."

"ठेवलं असतं," धाकटी म्हणाली.

मास्तरांनी तोंड पुन्हा जाळीशी नेलं.

सहा वाजायला आले तशी ती पुन्हा पंख्याकडे बघू लागली. पंखा सुरू होणार, आणि झडपेत चष्म्याचं घर. ते पात्यांत पडलं तर पंखा मोडणार, तारेत बिघाड झाला तर दिवेही जाणार. ती क्रेटवर चढली, हात घालून गोळा आणि घर दोन्ही काढून घेतली. झडप मिटली. सहाला दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत तिने श्वासच घेतला नसावा.

टक् असा आवाज आला. पंख्याचं पातं थरथरलं, फिरलं, आणि झडप सताड उघडून पलीकडून पांढराशुभ्र उजेड आत आला. पात्यांमधून कापला जात तो पिशव्यांवर, छतावर, मास्तरांच्या पांढऱ्या केसांवर नाचत राहिला. केस भुरभुरले. खोलीतली हवा उठून चालू लागली.

आकडा घरंगळत खाली आला. एकवीस हजार, सतरा, चौदा, साडेअकरा. मग दहा हजार आठशेवर येऊन तिथेच घुटमळला. आठशे पन्नास, आठशे वीस, पुन्हा आठशे पन्नास. धाकटीने दहा मिनिटं नजर हलवली नाही. तो खाली जात नव्हता, पण चढतही नव्हता. इकडच्या हजार पिशव्या आणि दोन माणसं जेवढं सोडत होती, जवळजवळ तेवढंच पलीकडची पानं उचलत होती.

"चूल पेटली," मास्तर म्हणाले. ते उठून बसले होते.

गाडीवाला सातच्या ऐवजी पावणेआठला आला. पंख्याच्या घरघरीतून त्याच्या पायांचा आवाज ऐकू आला तेव्हा दोघांनी मिळून क्रेट भिंतीवर आपटायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या वेळी त्याने भोकाकडे बघत विचारलं, "कोण आहे? उंदीर आहे का?"

"उंदीर बोलेल का, माठ्या!" मास्तर ओरडले. पूर्ण वर्गाला ऐकू जावं तसं.

दोन मिनिटांनी दार उघडलं. बाहेरून ते एका बोटाने उघडायचं. गाडीवाला तोंडाचा आ वासून उभा होता. मास्तर बाहेर आले, पायरीवर बसले आणि हाताने त्याला बाजूला हो म्हणून खूण केली, कारण तो वारा अडवत होता.

डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. धाकटीचं डोकं चार दिवस दुखत होतं. दाराला आतून नवा दांडा बसला, बाहेरचा पंखा परत आला आणि पिशव्यांना तर काहीच झालं नाही. उलट त्या कोंडमाऱ्याने जाळं जोमाने पसरलं आणि पीक दर वेळेपेक्षा चांगलं आलं. कामाच्या दोघींपैकी मोठ्या बाईंना धाकटीने सगळं शिकवायला घेतलं. भिंतीवरचं धाकट्याचं अक्षर तिने पुसलं नाही, त्याखाली खडूने स्वतःचं एक वाक्य लिहिलं: आत माणूस असेल तर झडप उघडी.

भांडण झालं. बाहेर पडल्यावर भांडू असं ठरलं होतं, त्याप्रमाणे झालं, आणि ते महिनाभर पुरलं. मास्तर जेवायला बसले की पाणी मागायचे, बाकी अवाक्षर नाही. तिची बॅग भरून झाली त्या दिवशी ते सकाळीच फिरायला गेले आणि बस सुटेपर्यंत परतले नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या बाकावर बसले होते, पाठ करून.

नव्या गावी पोहोचून आठवडा झाला तेव्हा त्यांचा पहिला फोन आला. आवाज शाळेतला.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो. कच्चं होतं, पण जेवलो." धाकटीला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शीळ नव्हती, हे तिने आधी बघून घेतलं. "आज दिवसभरात पाच वाक्यं बोललो," ते म्हणाले. "ही धरून."

ती खोलीत उभी होती. सोबतच्या मुली खाली तिची वाट बघत होत्या, दोनदा हाक मारून झाली होती.

"मग अजून थोडी बोला," ती म्हणाली, आणि फोन कानाशी धरून पलंगाच्या कडेवर बसली.